ब्रेकचं बळ जातं कुठे?

पावसाळ्यात लोहा-कंधारकडच्या रस्त्यांवर सायकल चालवलेल्यांना ठाऊक आहे, काळ्या मातीचा चिखल रिमला बसला की ब्रेकचं रबर नुसतं घासत राहतं. डिस्क आसापाशी, चिखलापासून उंच असते. म्हणून आपल्याकडच्या मुलांनी डिस्कवाली सायकल घ्यावी, हे मला योग्यच वाटतं. मात्र ब्रेक बदलला की पुढच्या चाकावरचे भारही बदलतात, आणि अभ्यास तिथूनच सुरू होतो.

विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेतले विद्यार्थी असोत की लातूरच्या सायकल दुकानातले मिस्त्री, सगळ्यांचं या विषयात मनापासून स्वागत. गणित सोपं आहे.

सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरू. जोरात ब्रेक दाबला की रस्ता पुढच्या टायरला सुमारे 500 न्यूटनने मागे रेटतो. चाकाची त्रिज्या 340 मिमी, पण 160 मिमीच्या डिस्कवर पॅड आसापासून जेमतेम 75 मिमीवर. म्हणजे पॅडला साडेचार पट, 2,250 न्यूटनच्या आसपास बळ लावावं लागतं. आता दिशा पाहा. पॅड धरणारा कॅलिपर बहुधा फोर्कच्या डाव्या पायामागे असतो. तिथे डिस्क वर चढत असते, पॅड तिला खाली दाबतं. सगळं वजन पुढच्या चाकावर आलं तरी रस्ता वर ढकलतो 830 न्यूटननेच. उरलेले 1,400 न्यूटन आसाला खाली खेचतात, डाव्या टोकाला तर त्याहून जास्त. आणि आस जिच्यात बसतो ती फोर्कची खाच नेमकी खालीच उघडी!

लिव्हर उघडून चाक झटकन काढू देणारी क्विक रिलीज ही रिम ब्रेकच्या काळातली सोय. तिथे बळ रिमवर, म्हणजे मोठ्या त्रिज्येवर लागतं, त्यामुळे ते लहान असतं आणि आसाला खाचेबाहेर ओढत नाही. डिस्क आली, खाच तीच राहिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅनन यांनी 2003 च्या सुमारास हा धोका ठामपणे मांडला. भार दर ब्रेकला उलटसुलट होत राहिला, तर क्विक रिलीजचा घट्ट केलेला नटही हळूहळू सैल होऊ शकतो. 2015 मध्ये ट्रेक कंपनीने सुमारे 10 लाख सायकली परत मागवल्या. तिथे दोष वेगळा होता, उघडी राहिलेली लिव्हर डिस्कमध्ये अडकू शकत होती, पण जागा हीच.

बंद भोकातून जाणारा थ्रू-एक्सल हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. कॅलिपर पायाच्या पुढे नेणं किंवा खाच पुढच्या बाजूला उघडणं, हेही चालतं. त्यांची तुलना या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत आहे. त्याआधी आपल्या सायकलपाशी बसा. कॅलिपर पुढे की मागे, खाचेचं तोंड कुठे, नट आहेत की लिव्हर, हे पाहून बाणांसह आकृती काढा. पहिलं प्रकरण ती आकृती समोर ठेवूनच वाचायचं आहे.