नव्या खेळाची पहिली रात्र

लातूरची गंजगोलाई आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. सोळा रस्ते जेथें एकत्र येऊन मिळतात त्या पेठेच्या आसपास, किंवा नांदेडच्या वजिराबादेंत, कापडाचें अथवा दागिन्यांचें एखादें नवें दुकान उघडावयाचें झालें म्हणजे चित्रपटांतील नटीस पाचारण करण्याची रीत हल्लीं पडली आहे. रस्ता माणसांनीं फुलून जातो, दिवे झगमगतात, फीत कापली जाते, आणि ती पाहुणी घटकाभर हात हालवून निघून जाते. घरीं परतलेल्या मनुष्यास दुकानांत माल काय होता हें सांगतां येत नाहीं. तिनें काय नेसलें होतें हें मात्र तो बिनचूक सांगतो.

या गर्दीस हंसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यांतला नाहीं. सुंदर वस्त्र, सजलेला चेहरा आणि नवा खेळ पहिल्याप्रथम पाहण्याची ही हौस आपल्या प्रांतांत फार जुनी आहे. नांदेडहून लातूरकडे निघालें म्हणजे लोह्यापुढें माळेगांव लागतें. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास तेथें खंडोबाची यात्रा भरते. तिला लागूनच वेळअमावस्या, म्हणजे आपली येळवस. शेतांत भज्जी आणि आंबील यांचा आस्वाद घ्यावा आणि यात्रेची वाट धरावी, असे हे दिवस. दिवसां घोडे, उंट, गाढवें यांचा बाजार आणि भंडाऱ्याची उधळण. रात्रीं ढोलकी व लावणी. दसऱ्याच्या सुमारास फड गांवोगांव हिंडूं लागतात. तेव्हां माळेगांवीं हंगाम अजून ताजा असतो. गण, गौळण, बतावणी होऊन वग उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटते आणि कोणी जागचा हालत नाहीं. ज्या नांदेडच्या तलम मलमलीचा आणि जरीकांठी शेल्यांचा एके काळीं लौकिक होता, तेथील माणसाला वस्त्राची पारख नाहीं असें कोण म्हणेल?

परंतु पाहणाराच्या आनंदाची गोष्ट सांगणें सोपें आहे. ज्याच्याकडे पाहिलें जातें त्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. आज तीच थोडी सांगावयाची आहे.

सन १९११, मार्च महिन्याची १२ तारीख. मुंबईंत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीच्या भूमिकेंत नारायणराव राजहंस, म्हणजेच आपले बालगंधर्व. त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. बापानें अश्रु पुसले, तोंडाला रंग लावला, आणि ऐश्वर्यांत वाढलेली, तारुण्याच्या दिमाखांत वावरणारी भामिनी होऊन तो रंगभूमीवर उभा राहिला. प्रयोग झाला, आणि मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासांत तो कायमचा नोंदला गेला.

योगायोग असा कीं, श्रीमंतीचा डौल आणि माणसाची खरी किंमत यांतील अंतर हाच त्या नाटकाचा विषय आहे. निर्धन शूराचा अपमान करणाऱ्या भामिनीलाच पुढें वैभवाचा साज उतरवून वनमाला व्हावें लागतें. त्या रात्रीं साजाखालचें दुःख कथानकाच्या बाहेरचें होतें, एवढाच फरक.

पुढें सन १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या नेसण्याचें, केशरचनेचें, फुलें माळण्याच्या तऱ्हेचें अनुकरण पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित घरांतून होऊं लागलें. कुलीन स्त्रियांनीं नटण्याची रीत एका पुरुषापासून उचलावी, हा त्या काळचा मोठा चमत्कार होय! शालू अस्सल हवा, दागिना डोळ्यांत भरणारा हवा, या आग्रहापायीं मंडळी कर्जांत बुडाली, आणि तें ओझें फेडण्यांत त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला.

त्याच १९१३ सालीं ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांतली तारामतीहि साळुंके नांवाच्या पुरुषानेंच वठविली, कारण त्या कामास कोणी स्त्री मिळाली नाहीं. चेहरा चारचौघांत दाखविणें ही स्त्रीच्या दृष्टीनें तेव्हां केवढी जोखीम होती, हें यावरून ध्यानांत यावें.

ती जोखीम तमाशांतील स्त्रियांनीं उघडपणें पत्करली. विठाबाई नारायणगांवकर यांचें नांव आपण ऐकलें असेलच. दिवस भरत आलेले असतांहि त्या फडावर नाचत होत्या. खेळ रंगांत आला असतां कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागें गेल्या, तेथेंच बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली, आणि पुन्हां पायीं चाळ घेऊन प्रेक्षकांसमोर आल्या. घडलें काय हें लोकांच्या ध्यानांत आलें, तेव्हां त्यांनीं स्वतःच खेळ थांबविला आणि बाईंना विश्रांति घेण्यास सांगितलें, अशी हकीकत सांगतात. त्यांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरीहि अखेरचे दिवस ओढगस्तीचेच गेले. सन २००२ मध्यें त्या निवर्तल्या.

श्रोतेहो, या हकीकतींत मला त्या अनाम प्रेक्षकांचें मोल फार वाटतें. ते पैसे मोजून करमणुकीस आले होते, रात्र अजून बाकी होती, आणि तरी समोर नाचते ती एक नुकतीच बाळंत झालेली आई आहे, हें त्यांस दिसलें. कापडाची पारख पुष्कळांस असते. ही पारख त्याहून दुर्मिळ आहे.

तेव्हां नव्या खेळास अवश्य जावें. माळेगांवीं जावें, नाटकास जावें, नटीस पाहण्यास गंजगोलाईंतहि खुशाल उभें राहावें. मात्र तिच्या साडीचा रंग घरीं येऊन सांगतांना ती किती वेळ उभी होती, गर्दींत कोणी तिला धक्का दिला काय, आणि त्या वेळीं आपण काय केलें, हेंहि आपल्या मुलांना सांगतां यावें, एवढीच माझी विनंति आहे.