मेणातला तुकडा

सिविक सेंटरला संध्याकाळी चहा पिताना कुणी मला बाजूला बोलावलं, की काम काय असणार ते मी ओळखायचो. "भाऊ, डॉक्टरांनी टाटाला जायला सांगितलं. ते मेणाचे तुकडे मिळतील का?" भिलाईत मी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. आमची मंडळी भंडारा-गोंदियाकडची, पोलाद कारखान्यामुळे इथे आलेली. माणसं मला माझ्या नावापेक्षा त्या मेणामुळेच जास्त ओळखत.

मेणाचा तुकडा म्हणजे ब्लॉक. बायोप्सीतला मांसाचा कण आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मग अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून पॅराफिनमध्ये बसवायचा. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. काच फुटली तर नवी करता येते, ब्लॉक हरवला तर मात्र सगळं संपलं. म्हणून मी ब्लॉक कापसात गुंडाळून फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत घालून द्यायचो. मे महिन्यात वर सांगायचो, डबी खिडकीजवळ ठेवू नका, मऊ पडेल.

लोक चिडून विचारत, "तुमचा रिपोर्ट आहे ना, मग मुंबईला पुन्हा कशाला तपासायचं?" मी कारखान्याचंच उदाहरण द्यायचो. माझे वडील स्टील मेल्टिंग शॉपमध्ये होते. ओपन हार्थ भट्टीतली हीट टॅप करायची तर आधी सॅम्पल लॅबला जायचं. कार्बन किती, फॉस्फरस किती, हे कळल्याशिवाय वितळलेलं पोलाद बाहेर काढायचं नाही, मग भट्टीवरचा माणूस कितीही अनुभवी असो. भिलाईच्या माणसाला हे एका वाक्यात पटतं. एकट्याच्या अंदाजावर निर्णय घ्यायचा नाही, हे डॉक्टरांना पटायला मात्र काही दशकं लागली, आणि ती गोष्ट मला जास्त रंजक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हाल्स्टेड यांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन, छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तेव्हा सर्जनशिवाय कुणाकडे हत्यारच नव्हतं, त्यामुळे निर्णयही त्याचाच. 1898 मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधलं आणि पुढच्या काही वर्षांत दुसरा दावेदार आला. एकाच गाठीवर कुणी सुरी लावावी आणि कुणी किरण, हा वाद सुरू झाला. 1930 च्या सुमारास अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने रुग्णालयांतल्या कॅन्सर क्लिनिकसाठी नियम ठरवले. वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी रोगी मिळून पाहावा, हा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडे हा विचार मुंबईत परळला रुजला. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पॅथॉलॉजी एका छपराखाली आली. उक्कसैचे गोमंतकीय अर्नेस्ट बोर्जेस तिथले नामांकित सर्जन. हॉस्पिटलवरून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. पण माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला जवळचे वाटतात ते वसंत रामजी खानोलकर. ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रोग्याला न भेटणारे डॉक्टर. 1945 मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी लिहिलेल्या लेखात माणसाच्या सवयी आणि कॅन्सरची जागा यांची सांगड होती. खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवणाऱ्याला गाठ तिथेच येते. धोतर वर्षानुवर्षं कमरेला आवळणाऱ्याला त्याच काचावर. छत्तीसगडात सकाळी गुडाखूने दात घासणाऱ्या बायाबापड्यांच्या बायोप्सी कापत माझी हयात गेली, त्यामुळे हे मला पुस्तकातलं वाटत नाही.

परळच्या पद्धतीचं नाव आमच्याकडे परतणाऱ्या फायलींवर दिसायचं: जॉइंट क्लिनिक. त्यात रोगी समोर बसलेला असतो. सर्जन गाठ चाचपतो, किरणोपचारवाला चाचपतो, पुढे औषधवाला डॉक्टरही आला. आधी काय, नंतर काय, हे तिथेच ठरतं आणि फायलीत लिहिलं जातं. बंद खोलीत फिल्मा लावून चालणारा डॉक्टरांचा बोर्ड ही जरा वेगळी गोष्ट. तिथे रोगी नसतो, त्याची चित्रं असतात. दोन्हींची गरज आहे, पण माझं मत विचाराल तर तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा किती उघडतो, हे फिल्म बघून कळत नाही, त्याला बोटच लागतं.

या पद्धतीला खरी धार आली ती मिलानहून. 1976 मध्ये बोनाडोना यांनी दाखवलं, की शस्त्रक्रियेनंतर औषधं दिली तर स्तनाचा कॅन्सर परतण्याचं प्रमाण घटतं. 1981 मध्ये व्हेरोनेसी यांनी आणि 1985 मध्ये अमेरिकेच्या फिशर यांनी सिद्ध केलं, की लहान गाठ असेल तर तेवढा भाग काढून किरण दिले तरी बाई तितकीच जगते. आता एका गाठीला तीन डॉक्टर लागणार होते, आणि गाठीच्या कडा साफ आहेत की नाहीत, हे सांगणारा चौथा. ब्रिटनने 1995 च्या कॅल्मन-हाइन अहवालानंतर अशा पथकांची घडी बसवली.

1987 ची गोष्ट. माझ्या वहिनीला गाठ लागली. मी लॅबमध्ये असूनही तिने मला सांगितलं नाही; दिराला कसं सांगणार? एका नर्सिंग होममध्ये अर्ध्या तासात गाठ काढून टाके घातले. महिन्याभराने काखेत दुसरी आली तेव्हा मी तिथे ब्लॉक मागायला गेलो. ब्लॉक नव्हता. गाठ तपासायला पाठवलीच नव्हती, टाकून दिली होती. दुर्गहून मेल पकडून आम्ही दादरला उतरलो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. परळला डॉक्टरांनी तिला मिळून तपासलं, आपसात बोलले, आणि एकाने मला हिंदीत विचारलं, पहिली गाठ केवढी होती? मी अंगठ्याचं पेर दाखवलं. तेही भावाकडून ऐकलेलं. त्या पेरावर किती अवलंबून होतं, हे खोलीत मलाच सर्वांत नीट कळत होतं. स्तन काढावा लागला, किरणं झाली, औषधं झाली. वहिनी पुढे एकोणीस वर्षं जगली. स्तन वाचला असता का, हे सांगू शकणारा तुकडा कचऱ्यात गेला होता.

त्यानंतर मी ब्लॉक देताना वहीत सही घ्यायला लागलो. साहेबांनी सांगितलेलं नव्हतं.

2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली आणि लांबच्या रुग्णालयांना स्क्रीनवर बसून अवघड केस मांडता येऊ लागली. परळला आता अवयवागणिक डॉक्टरांचे गट आहेत. इथे रायपूरला एम्स झालं, नव्या रायपुरात बाल्कोचं कॅन्सर हॉस्पिटल झालं. मुंबईची अकराशे किलोमीटरची वारी पुष्कळांची टळली.

मागच्या महिन्यात सिविक सेंटरलाच एक पोरगा भेटला. त्याच्या आईची केस रायपूरला मीटिंगमध्ये ठेवलेली. मोबाईलवर कागदाचा फोटो होता: आधी केमो, तीन सायकलनंतर पुन्हा चर्चा. "काका, ह्या मीटिंगमध्ये आम्हाला का बसू देत नाहीत?"

मी म्हटलं, बसायचं सोड, पण तिथे काय बोलणं झालं ते तुला कोण सांगणार, त्याचं नाव आजच विचारून घे. आणि ब्लॉक कुणाकडे आहे?

त्याला माहीत नव्हतं. फोटोचे रोल आता सहसा मिळत नाहीत, तेव्हा डबीही नाही. मी त्याला औषधाची रुंद तोंडाची बाटली धुऊन, वाळवून ठेवायला सांगितली.