प्रवासांतील छायाचित्रें आणि भूमिति

गोंदिया स्टेशनच्या पुलावरून रुळांचें छायाचित्र घेतलें कीं एक चमत्कार दिसतो. समांतर रेषा कधींच मिळत नाहींत, असें आपण शाळेंत शिकतों. चित्रांत मात्र त्या क्षितिजापाशीं मिळतात आणि एक लांबट त्रिकोण तयार होतो. प्रवासांत टिपलेल्या चित्रांतून असे आकार हुडकणें हा मोठा निरुपद्रवी छंद आहे. पण श्रोतेहो, प्रत्येक आकाराला कोणी कर्ता असतो. आणि तो कोण, असें विचारूं लागलें कीं भूमिति संपून इतिहास सुरू होतो.

हा रुळांचा त्रिकोणच घ्या. बेंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली. नागपुराहून छत्तिसगडाकडे जाणारा जुना मीटरगेज मार्ग ताब्यांत घेऊन तिनें तो रुंद केला. दोन रुळांत साडेपांच फुटांचें अंतर. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून सातपुड्यांतून जबलपुराकडे अडीच फुटी लाइन निघाली. एकाच स्टेशनांत दोन मापांच्या समांतर रेषा नांदूं लागल्या. एकविसाव्या शतकांत ही छोटी लाइनही रुंद झाली. तिचें अरुंद माप आतां जुन्या छायाचित्रांतच पाहावयाचें.

ही सरळ रेषा मोजणीदाराची. स्टेशन सुटलें कीं खिडकीबाहेर दुसरी भूमिति लागते. पावसाळ्यांत भाताच्या बांध्या पाण्यानें भरतात. त्यांचे चौकोन क्वचितच काटकोनी असतात; धुरा जमिनीच्या उताराप्रमाणें वळतो, कारण बांधींत पाणी सपाट राहिलें पाहिजे. बांध्यांच्या वरच्या अंगास तलाव. नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला, असें परंपरा सांगते. कोहळी लोकांची रीत अशी: उताराच्या खालच्या बाजूस मातीची पाळ घालावयाची, तिचीं टोकें उंचवट्यांस टेकवावयाचीं, आणि वरची बाजू येणाऱ्या पाण्याला मोकळी ठेवावयाची. पाणी सोडण्याचें दार म्हणजे तुडूम. छायाचित्रांत जो देखणा कंस दिसतो, तो या पाळीचा.

पाळ एकदां घालून भागत नाहीं. तिला वरचेवर माती लागते, तलावांतील गाळ काढावा लागतो. हें काम मालगुजारांकडे असे. हा मुलूख मध्यप्रदेशांतील भंडारा जिल्ह्यांत असतांना १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. (गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा निघाला.) मालगुजारी गेली हें योग्यच झालें, परंतु डागडुजीचा धनीही तिच्याबरोबर गेला. माजी मालगुजारी तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ गाळानें उथळ झाले.

छायाचित्रांत उथळ तलाव आणि खोल तलाव सारखेच चकाकतात. आकार दिसतो, खोली दिसत नाहीं. म्हणून नवेगांवास जाल तेव्हां त्या कंसाचें चित्र अवश्य घ्या. मग पाळीवर भेटेल त्या शेतकऱ्यास एवढेंच विचारा, कीं यंदा पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोंचलें काय?