परभणीहून पणजी, पाण्यावरून

साल १९७४, फेब्रुवारी महिना. परभणी स्टेशनच्या फलाटावर तुम्ही मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघताय. शेजारी वळकटीवर माय बसली आहे. तिच्या मांडीवर धुवट फडक्यात बांधलेल्या दशम्या आहेत, दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या, प्रवासात टिकतील अशा. सोबत शेंगदाण्याची चटणी, करडईच्या तेलातला भुरका आणि कांदे. थोरला भाऊ पणजीला नोकरीत आहे. त्याने पत्रात बजावलंय: मायला घेऊन या, पण मुंबईहून एसटीने येऊ नका, बोटीने या.

मायने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात गंगाखेडच्या घाटाला टेकलेली गोदावरी, आणि एकदा जिंतूरकडे लग्नाला गेली तेव्हा दुरून दिसलेलं येलदरीचं धरण. तुम्ही नुकतेच कृषी विद्यापीठात कारकून म्हणून लागला आहात. हे विद्यापीठ आणि कोकणातलं दापोलीचं, दोन्ही एकाच दिवशी, १८ मे १९७२ला सुरू झाली. त्याच साली आभाळाने पाठ फिरवली. दुष्काळी कामावर माय खडी फोडायला गेली, तिथे मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. त्या गोष्टीला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. पाण्याच्या हंड्याकडे ती अजून तशाच नजरेने बघते.

मीटरगेजची गाडी मनमाडला सोडते. तिथे सामान डोक्यावर घेऊन मोठ्या रुळांच्या गाडीत बसायचं. हे सगळं झटपट उरकू, कारण आपल्याला व्हीटीला नाही, भाऊच्या धक्क्याला पोचायचंय.

धक्क्यावर आधी वास येतो. सुकी मासळी, डांबर, डिझेल, घाम. नंतर माणसं दिसतात. गिरणगावातून आलेली कुटुंबं, पत्र्याच्या पेट्या, केळीचे घड, कडेवर पोरं. कोणी आंगणेवाडीच्या जत्रेला निघालंय, कोणी घराची कौलं चाळायला. बोटीचं नाव ‘कोकणसेवक’. आदल्याच वर्षी कोकण प्रवासी जहाजं ताब्यात घेण्याचा कायदा संसदेत झाला आणि ही वाहतूक मोगल लाइन या कंपनीकडे आली. १८७७पासूनची ही कंपनी. हिच्याच जहाजांतून मराठवाड्यातले हाजी मुंबईहून जेद्दाला जात आले. परभणीच्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी समुद्र पार करून आलेलं आहे, हे तुम्हाला धक्क्यावर उभं राहिल्यावर आठवतं.

फळी ओलांडताच धावपळ सुरू होते. हमाल पुढे पळत जाऊन डेकवर वळकट्या उलगडतात. सतरंजी पसरली की जागा आपली. खालच्या डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण तिथे इंजिनाची धग. तुम्ही थोडे जास्त पैसे मोजून वरच्या डेकचं काढलंय, ते बरं केलंत. केबिनी आहेत, त्या पैसेवाल्यांना. उघड्या डेकवर मात्र कुणालाही उभं राहता येतं, आणि समुद्र दिसतो तो तिथूनच.

दहाच्या सुमाराला भोंगा होतो. धक्का मागे सरकतो. माय दोन्ही हातांनी कठडा धरून उभी आहे. बराच वेळ ती काहीच बोलत नाही. मग म्हणते, “लेकरा, एवढं पानी, आन् घोटभर पेता येईना व्हय?”

तुम्ही खारट पाण्याचं सांगू लागता. तिला ते ठाऊक आहे. ती तुम्हाला विचारत नव्हती.

डाव्या हाताला किनारा राहतो. दक्षिणेला जाताना कोकण नेहमी डावीकडे, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. खांदेरी आणि उंदेरी मागे पडतात. शेजारच्या सतरंजीवरचे एक वयस्कर गृहस्थ, रेवदंड्याकडचे, मुंबईच्या समुद्राकडे मान वळवून ‘रामदास’ची गोष्ट सांगतात. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. गोष्ट संपल्यावर माय गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावते. तुम्ही मात्र वर टांगलेल्या होड्या मोजता. ही भीती साधी माणसं बरोबर घेऊनच चढत, आणि तरी चढत.

दुपारी भूक लागते. खाऱ्या वाऱ्यात भूक सपाटून लागते. बोटीवर कँटीन आहे: चहा, वडे, भात आणि माशाची आमटी. तिथे रांग मोठी, आणि डेकवर अर्ध्या लोकांनी घरचेच डबे सोडलेत. पलीकडची मालवणी बाई मायकडे बघून हसते.

“खंयसून इलात?”

“परभनीहून.”

“परभणी? ता खंय इला?”

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं तुम्ही मोठ्या दिमाखात सांगायला जाता, पण माय आधीच दशमी मोडून तिच्या हातावर ठेवते. वर चटणी, वर भुरका. ती बाई तळलेला बांगडा पुढे करते, माळ बघते, आणि लगेच दुसरा डबा उघडते. काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या खोबऱ्याच्या वाटपातलं. माय पहिला घास घेते आणि थांबते. आमटीत एवढं खोबरं? तिच्या लेखी खोबरं म्हणजे ओटीचं आणि प्रसादाचं. त्या बाईला भुरका डोळ्यांत पाणी आणतो आणि ती आणखी मागते. दोघींना एकमेकींची बोली निम्मीच कळते. जेवण मात्र तासभर चालतं.

मी या प्रवासाबद्दल जितकं ऐकलं आणि विचारलं, त्यात माणसांना सगळ्यात जास्त आठवत होतं ते हेच. कुणाच्या डब्यात काय होतं, ते.

जेवणानंतर डेकचा दिवस सुरू होतो. एका कोपऱ्यात मेंढीकोटचा डाव रंगतो, बघणारे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त. गिरणीत एकाच खात्यात असलेले चौघं टाळ काढतात. गोव्याला निघालेली लांब केसांची गोरी मुलं गिटार वाजवत बसलीत. भजन सुरू झाल्यावर ती गिटार खाली ठेवून ऐकतात. कुणी ओरडतं, “गादे! गादे!” आणि सगळा डेक एका बाजूला धावतो. बोटीच्या नाकापुढे डॉल्फिन उसळ्या घेत चाललेत. ते दिसेनासे होईपर्यंत माय जागची हलत नाही.

तिसऱ्या प्रहरी हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग दिसतो. त्याच्या मागे डोंगर चढून गेलं की दापोली. तुमच्या विद्यापीठाचं जुळं भावंड तिथे आहे, हे तुम्ही मायला दाखवता. पुढे वारा वाढतो, बोट डोलू लागते आणि काहींना बोट लागते. आवळासुपारीच्या पुड्या आणि कापलेली लिंबं हातोहात फिरतात. तुम्हालाही लागते. आडवे पडा, नजर क्षितिजावर ठेवा. सूर्य उजव्या हाताला, मोकळ्या समुद्रात बुडतो. परभणीत तो शिवारापलीकडे मावळतो, इथे पाण्याला टेकतो आणि चपटा होतो.

रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत रात्री दिसतो. त्यानंतरची रात्र तुम्ही जागून काढा, असं मी सांगेन. दर दीपगृहाची उघडझाप वेगळी. खलाशी तेवढ्यावरून आपण कुठे आहोत ते सांगतो. बोटीच्या कडेला फाटणाऱ्या पाण्यात निळसर ठिणग्या उमटतात. सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात. डेकवर शेकडो माणसं अंगाला अंग लावून झोपलीत. संडासाची अवस्था वाईट आहे, अंथरुणं खारावून ओलसर झालीत, इंजिनाची थरथर पाठीत शिरते. हेही त्या प्रवासातलंच आहे, ते लपवायचं कारण नाही.

पहाटे मालवणसमोर बोट लांबच नांगर टाकते, कारण किनाऱ्याशी खडक आहेत. कंदील घेऊन पडाव येतात. पडाव लाटेने वर आला की पाऊल टाकायचं, खाली गेला की थांबायचं. खलाशी दंडाला धरून एकेकाला उतरवतात. मालवणी बाई उतरण्याआधी मायच्या हातात उरलेलं सांबारं डब्यासकट देते. डबा परत कसा करायचा, हे दोघीही विचारत नाहीत.

सकाळी आग्वादचा किल्ला दिसतो, बोट मांडवीत शिरते आणि पणजीच्या धक्क्याला लागते. मुंबईपासून साधारण बावीस तास. धक्क्यावर दादा उभा आहे.

आता पन्नास वर्षं पुढे या. मध्ये बरंच काही घडलं. १९८६मध्ये मोगल लाइन भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ही बोटसेवा थांबली. १९९४मध्ये दमानियांची वेगवान कॅटामरान आली आणि गेली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१८मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या कुळाचं नाव घेतलेली ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा सुरू झाली, ती करोनाच्या साथीत थांबली. २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सहली नेतं.

तुम्ही निवृत्त आहात. नातीने तिकिटं काढली आहेत. आता मनमाडला उतरावं लागत नाही. देवगिरी एक्सप्रेस परभणीहून थेट मुंबईला नेते. बॅलार्ड पिअरला विमानतळासारखी तपासणी, सामानाला चिठ्ठी, गळ्यात कार्ड. हेच कार्ड खोलीची किल्ली आणि हेच जहाजावरचं पाकीट. अकरा मजल्यांचं हे जहाज १९९०मध्ये बांधलेलं आहे. सुटण्याआधी सगळ्यांना जमवून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, कोणत्या होडीपाशी जायचं, हे शिकवतात. टायटॅनिकनंतर १९१४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ही शिस्त आली. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तिथे नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर ती सुटण्याआधीच घ्यायचा नियम झाला. नात कंटाळते. तुम्ही तिला ‘रामदास’ची गोष्ट सांगा.

जेवण भाड्यातच धरलेलं असतं, दारूचे पैसे वेगळे. बुफेच्या दालनात डोसा, पावभाजी, जैन जेवण, चिनी नूडल्स, केक. हवं तितकं, हव्या तितक्या वेळा. ज्यांनी सुकडी खाल्लेली आहे त्यांचा हात अशा ठिकाणी आधी आखडतो. मग पोहण्याचा तलाव, रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम, कॅसिनो, पोरांसाठी चढायची भिंत. म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ बिछाना आणि स्वच्छ न्हाणीघर मिळतं, वर डॉक्टर असतो. याला मी खरी प्रगती म्हणतो. मायला त्या रात्री पाठ टेकायला नीट जागा मिळाली नव्हती.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. जहाजावरची करमणूक माणसांना आत ओढते. दिव्यांच्या झगमगाटात समुद्र दिसत नाही. आतल्या बाजूच्या खोल्यांना तर खिडकीही नाही. चौकोनी टेबलावर शेजारचं कुटुंब जेवतं, ते कुठलं हे विचारायची वेळ येत नाही, कारण कुणालाच कुणाचं काही मागायचं नसतं. आणि सगळ्यात मोठा फरक हा की आंगणेवाडीच्या जत्रेला निघालेलं गिरणीकामगाराचं कुटुंब या जहाजावर नाही. भाडं परवडत नाही म्हणून, आणि जहाज मालवणसमोर थांबत नाही म्हणूनही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. परभणी, हिंगोली, नांदेडकडून तुम्ही अशा सहलीला जाणार असाल, तर जरूर जा, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जा. फक्त एक संध्याकाळ नाचगाणं सोडा आणि वरच्या उघड्या डेकवर डाव्या बाजूला उभे राहा. दीपगृहं अजून तिथेच आहेत. शेजारी उभ्या असलेल्याला गाव विचारा.

दुसरी गोष्ट सरकारला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट जाते, आणि लोक तिचा वापर करतात. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण घेत पणजीला जाणारी, स्वस्त डेकचं तिकीट असलेली रात्रीची बोट पुन्हा सुरू करा. ही मागणी फक्त कोकणच्या आमदारांनी करायची नाही. मराठवाड्याच्या वाट्याला किनारा आलेला नाही, म्हणून ती आपणही करायला हवी.