मेंदूच्या आलेखात डोळ्याची लुडबुड

आज इतिहास एका गोंगाटाचा.

१९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरने माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग पहिल्यांदा टिपले. म्हणजेच ईईजी. पण त्यावरचा लेख छापला थेट १९२९ मध्ये. कारण त्याला स्वतःलाच शंका होती: हे तरंग खरंच मेंदूचे, की शरीरात दुसरीकडून आलेले?

शंका रास्तच होती. त्यातला सगळ्यात जवळचा संशयित म्हणजे डोळा. डोळा ही एक छोटी बॅटरीच आहे बघा. पुढचा कॉर्निया धन, मागचा रेटिना ऋण. एमिल द्यू ब्वा-रेमोंने १८४९ मध्येच माशाच्या डोळ्यात हे दाखवलं होतं. डोळा वळला की बॅटरी फिरते आणि कपाळावरच्या इलेक्ट्रोडला ते लगेच कळतं. मेंदूचे तरंग साधारण दहा ते पन्नास मायक्रोव्होल्टचे. पापणी लवली की उसळी सहज शंभरापुढे!

मग चोर पकडायचा कसा? डोळ्याच्या वर-खाली आणि बाहेरच्या कोपऱ्यांपाशी वेगळे इलेक्ट्रोड लावतात. उसळी तिथे सगळ्यात मोठी असेल आणि डोक्याच्या मागे जाता जाता विरत असेल, तर ती डोळ्याची.

गंमत म्हणजे याच इलेक्ट्रोडमुळे एक मोठा शोध लागला. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांचे डोळे झपझप हलताना टिपले. १९५३ मध्ये जगाला आरईएम झोप कळली.

पण सगळेच चोर इतके ठळक नसतात. चित्र दिसल्यावर २००-३०० मिलिसेकंदांनी ईईजीत वेगवान गॅमा लहरींचा एक झटका यायचा. मेंदू तुकडे जुळवून वस्तू ओळखतोय, त्याची ही खूण, असं अनेक संशोधक मानत होते. २००८ मध्ये जेरुसलेमच्या युवाल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ईईजीसोबत डोळ्यांवर कॅमेरा ठेवला. तो झटका बऱ्याच अंशी डोळ्यांच्या अगदी बारीक हालचालींचा निघाला! गॅमा लहरी खोट्या ठरल्या नाहीत. मेंदूच्या आत इलेक्ट्रोड ठेवून त्या दिसतातच. पण टाळूवरून घेतलेले कित्येक निष्कर्ष पुन्हा तपासायची वेळ आली.

आज फोनला जोडायचे 'मेंदू वाचणारे' हेडबँड मिळतात. त्यांचे सेन्सर बहुतेक कपाळावरच, डोळ्यांच्या शेजारी. त्यामुळे ॲपने 'तुमचं लक्ष वाढलंय' म्हटलं, तर मी आधी एकच विचारेन: यातून डोळा वेगळा कसा काढलात?