महाद्वारातील दोन मृत्युचिन्हे : नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी

युरोपीय प्रबोधनकाळात घडविलेल्या काही व्यक्तिपदकांवर एका बाजूस चेहरा, तर दुसऱ्या बाजूस मृत्यूची खूण आढळते. क्वेंटिन मात्सिसने १५१९ मध्ये घडविलेल्या इरॅस्मसच्या पदकामागे टर्मिनस हा रोमन सीमादेव आहे. कोणापुढेही न हटण्याचे त्याचे बोधवाक्य हा इरॅस्मसचाच गर्व होय, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. तेव्हा हा सीमादेव म्हणजे मृत्यू होय, असा खुलासा इरॅस्मसने १५२८ मध्ये केला. सीमा आणि मृत्यू यांचे हे साहचर्य पंढरपूरच्या महाद्वारातही दिसते; मात्र येथे त्याला जातिव्यवस्थेचा संदर्भ आहे.

परंपरेनुसार मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांसह चोखामेळा गाडले गेले (इ. स. १३३८). नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ढिगाऱ्यात त्या ओळखल्या कशा? विठ्ठलनामाचा ध्वनी ज्यांतून उमटला त्या चोखोबांच्या, असे कथा सांगते. पदकावरील मानवतावाद्याला चेहरा लाभला. वेठीच्या कामावर मेलेल्या महार संताची ओळख हाडांवरून पटवावी लागली.

संतांची चरणधूळ मस्तकी पडावी म्हणून नामदेवांनी १३५० मध्ये महाद्वाराच्या पायरीखाली समाधी घेतली, असे मानतात. (पंजाबातील घुमान येथेही त्यांची समाधी दाखविली जाते.) ही पायरी आणि चोखोबांची समाधी या दोहोंचे वर्णन पुष्कळदा विनम्रतेची प्रतीके असे एकत्रच केले जाते. ते स्वीकारणे कठीण आहे. नामदेव जातीने शिंपी. त्यांना मंदिरात प्रवेश होता, म्हणून उंबरठ्याबाहेरची जागा ही त्यांची निवड ठरते. चोखोबांना प्रवेशच नव्हता. त्यांच्या बाबतीत जी नम्रता म्हणून गौरविली जाते, ती प्रथम बंदी होती. मृत्यूनंतरही ती उठली नाही. उलट त्यांची समाधी हीच पुढील अस्पृश्य वारकऱ्यांच्या दर्शनाची हद्द बनली.

ही हद्द मोडण्यासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले; दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढील वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार व रविदास यांच्यासह चोखामेळ्यास अर्पण केला. मंदिरप्रवेशाच्या राजकारणापासून तोवर दूर गेलेल्या नेत्याने उंबरठ्याबाहेरच्या संताचे स्मरण करावे, ही बाब अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे.

नियम गेला, समाधी राहिली. आषाढीस लांबलचक रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य होत नाही, असे सर्व जातींचे वारकरी आज चोखोबांपुढे व नामदेव पायरीवर माथा टेकतात, कळस पाहतात आणि परततात.