वाटेवरचे सोयरे : सायकल-प्रवासाच्या इतिहासातील एक प्रकरण

रस्ता कोणी बांधला याची नोंद इतिहासात बहुधा सापडते. त्यासाठी शिलालेख असतात, सनदा असतात, सरकारी दप्तरे असतात. परंतु त्या रस्त्याने जाणाऱ्या दमल्याभागल्या माणसास पाणी कोणी पाजले, हे लिहून ठेवण्याची पद्धत नाही. आपल्याकडील पाणपोया आणि धर्मशाळा यांचा इतिहास म्हणूनच तुटक आहे. दूरच्या पल्ल्याच्या सायकलस्वारांस वाटेवरच्या लोकांनी मोबदल्याची अपेक्षा न धरता जे साहाय्य केले, त्याची कथाही अशीच विखुरलेली आहे. विषय कोणास किरकोळ वाटेल. पण परक्या माणसाशी समाज कसा वागतो हे पाहावयाचे असेल, तर सायकलस्वारासारखा दुसरा प्रवासी नाही, असे आम्हांस वाटते. आगगाडीच्या उतारूस स्टेशन असते, मोटारवाल्यापाशी सामानास जागा असते. सायकलस्वारापाशी दोन पिशव्या आणि स्वतःचे पाय एवढेच भांडवल. भूक लागली, टायर फुटला, पाऊस आला की तो तत्काळ दुसऱ्याच्या दाराशी येतो.

या कथेचा आरंभ इंग्लंडात करणे सोयीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात तेथे उंच चाकाची सायकल रस्त्यावर आली, आणि घोडागाडीवाल्यांस ती मुळीच रुचली नाही. १८७६ साली सेंट अल्बन्सच्या गाडीवरील गाडीवानाने एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि त्याच्या साथीदाराने दोरीस बांधलेला लोखंडी गोळा चाकाच्या आऱ्यांत फेकून त्यास खाली पाडले. पुढे त्यांस दंड झाला. पण रस्त्यावरचे वातावरण काय होते ते यावरून ध्यानात येते.

अशा काळात ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने सायकल-प्रवाशांचे एक मंडळ स्थापन झाले. १८८३ पासून ते ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या मंडळाची खरी करामत म्हणजे त्याने गावोगाव नेमलेले प्रतिनिधी. त्यांस ‘कॉन्सल’ असे भारदस्त नाव होते. पगार मात्र नव्हता. परगावचा सभासद आला की पुढचा रस्ता कसा आहे, चढ किती आहे, उतरावे कोठे, मोडलेली सायकल कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी, हे त्याने सांगावयाचे. परदेशी वकिलाने आपल्या देशबांधवांची जी काळजी वाहावयाची, तीच येथे एका हौशी गावकऱ्याने वाहावयाची, अशी ती कल्पना होती.

याच मंडळाने धोक्याच्या उतारांवर सूचनाफलक लावले. उंच चाकाच्या सायकलीस उतारावर एकाएकी आवरावयास जावे, तर स्वार पुढच्या चाकावरून डोक्यावर आपटत असे. तेव्हा उताराच्या माथ्यावरचा फलक हा जीव वाचविणारा उपकारच होता, आणि तो सभासद नसलेल्यासही वाचता येत असे. सराया व खानावळींशी मंडळाने दरांचे करार केले. ज्या घरावर पंख लावलेल्या चाकाचे चिन्ह असे, तेथे सभासदाची ठरल्या दराने सोय होई. विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास मंडळाची सभासदसंख्या साठ हजारांवर गेली होती.

परंतु करार आणि स्वागत यांत अंतर असते. लेडी हार्बर्टन या बाई सायकलीवर बसताना लांब झग्याऐवजी सैल विजार वापरीत. १८९८ साली ऑकम येथील हॉटबॉय हॉटेलात त्यांस त्या पोषाखापायी कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. मद्यपानाच्या बाजूच्या खोलीत बसा असे सांगितले. क्लबने फिर्याद लावली. १८९९ साली निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. बसावयास दुसरी जागा देऊ केली होती, तेवढे पुरे झाले. संघटनेने दर ठरविता आले, रस्ते सुधारण्यासाठी झगडता आले. पण दाराशी आलेल्या माणसास माणूस म्हणून आत घेण्याचे काम अखेर दार उघडणाऱ्याच्याच हाती राहिले.

संघटनेविना दार उघडणाऱ्या एका बाईंची हकीकत अमेरिकेतली आहे. १९७६ साली त्या देशाच्या स्वातंत्र्यास दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यापासून अटलांटिक किनाऱ्यावरील व्हर्जिनियापर्यंत सुमारे सहा हजार आठशे किलोमीटरांचा सायकल-मार्ग आखण्यात आला. त्या उन्हाळ्यात सुमारे चार हजार लोक त्या मार्गावर उतरले. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी पूर्ण खंड ओलांडले. व्हर्जिनियातील ॲफ्टन या खेड्यापाशी ब्लू रिज डोंगराची खडी चढण आहे. तेथे जून करी नावाच्या बाई वडिलांसह राहत. घामाने निथळणारी माणसे पाणी मागण्यास येऊ लागली. जवळपास खाण्याचे दुकान नाही हे ऐकल्यावर बाईंनी बिस्किटे भाजून देण्यास आरंभ केला. पुढे शेजारचे घर सायकलस्वारांस रात्रीच्या मुक्कामासाठी मोकळे करून दिले. त्या घराच्या भिंती देशोदेशींहून आलेल्या पोस्टकार्डांनी भरून गेल्या. ‘बिस्किटवाल्या बाई’ म्हणून त्या प्रसिद्धीस आल्या, आणि २०१२ साली निधन पावेपर्यंत हजारो माणसांनी त्यांच्या हातचे खाल्ले. त्यांस कोणी ‘कॉन्सल’ नेमले नव्हते.

तिसरे उदाहरण फ्रान्समधील. त्यात साहाय्याचा प्रश्न थेट नियमापर्यंत पोहोचला. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेराँ याने ती एकाहत्तर तास बावीस मिनिटांत जिंकली. तेराँ शूर खराच. पण त्याच्या चाकांवर मिशलँ कंपनीचे नवे टायर होते, कंपनीची प्रतिष्ठा पणास लागली होती, आणि वेग राखण्यासाठी पुढे ताज्या दमाचे साथी होते. हे साहाय्य भरपूर होते, परंतु ते ज्याचे त्याच्यापुरते होते. १९३१ साली हौशी प्रवाशांस याच वाटेवर प्रवेश मिळाला. धंदेवाईक शर्यत १९५१ साली अखेरची झाली. हौशी फेरी मात्र चालू राहिली, आणि १९७५ पासून ती दर चार वर्षांनी होत आली आहे. नव्वद तास ही तिची कमाल मुदत आहे.

या फेरीचा एक नियम आम्हांस फार बोलका वाटतो. स्वाराचे सोबती मोटार घेऊन आले, तर त्यांनी तपासणी-नाक्यांवरच त्यास भेटावे. मधल्या रस्त्यावर त्यास काही देऊ नये. मात्र ब्रिटनी प्रांतातील खेडुतांनी दारापुढे टेबल मांडून रात्रभर कॉफी, सूप आणि आपल्या धिरड्यासारखे क्रेप वाटले, तर त्यास आडकाठी नाही. याचे कारण उघड आहे. मोटारीतील डबा एकाचा असतो. टेबलावरची किटली पहिल्या येणाऱ्याची तशीच शेवटच्याचीही असते. कित्येक घरचे लोक पैसे घेत नाहीत, घरी पोचल्यावर एक पोस्टकार्ड धाडा एवढेच म्हणतात. नाक्यांवर शाळांच्या इमारती उघडलेल्या असतात. तेथे गावकरीच जेवण वाढतात आणि दोन तास झोपलेल्या माणसास वेळेवर हलवून उठवितात.

ही फेरी आता आपल्यापासून दूर राहिलेली नाही. तीत भाग घेण्यापूर्वी त्याच वर्षी दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरांच्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात, आणि त्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही होतात. स्वयंसेवक मध्यरात्री नाक्यावर बसून स्वारांच्या कार्डांवर शिक्का मारतात. कित्येकदा धाब्याची किंवा पेट्रोल पंपाची पावती हाच आल्याचा पुरावा असतो. हे काम करणाऱ्यांस पदक मिळत नाही.

संघटना नको, असे आमचे म्हणणे नाही. उतारावरचा फलक एकट्यादुकट्याने लागला नसता. परंतु पैसे मोजून मागे गाडी ठेवण्याची सोय आता ज्यास परवडते त्यास सहज मिळते, आणि त्यामुळे वाटेवरच्या माणसाची गरज संपली अशी समजूत होण्याचा संभव आहे. ज्यास ती गाडी परवडत नाही त्या मुलाने, रात्री एकट्याने जाणाऱ्या बाईने, मग कोणाकडे पाहावे? वारीच्या वाटेवर ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्यांची पाने मांडली, त्यांस हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. हमरस्त्याकाठच्या शाळेची ओसरी एका रात्रीपुरती उघडी ठेवावी, पाण्याचा एक माठ आणि हवा भरण्याचा एक पंप तेथे असावा. एवढे करण्यास पुढे येणारी दोन माणसे प्रत्येक तालुक्यात निघतील, असा आमचा विश्वास आहे.